घरच्याला दार बंद

१२ फेब्रुवारी

धाकटे,

थोरल्या बहिणीने पत्राच्या सुरुवातीलाच आशीर्वाद द्यायचे असतात म्हणे. ते द्यायचे की नाही, हे पत्र संपताना ठरवीन.

तुझं पत्र मिळालं. फोनवर आपण दोघी दुसऱ्याच वाक्याला भांडायला लागतो आणि मग कुणीतरी फोन आपटतं, म्हणून तू पत्राचा मार्ग काढलास हे बरं केलंस. पत्रात निदान मधेच तोंड घालता येत नाही. सोबत पाठवलेलं मासिकही पोचलं. मुखपृष्ठावर तू, अंगात पांढरा कोट, हातात काचेचा वाडगा आणि वाडग्यात आपली पिचकारी, तोच तो पिशवीसारखा, पाणी उडवणारा समुद्रजीव. केस आता माझ्यासारखे कापलेत की गं. छान दिसतात. मलाही शोभायचे.

आत उघडून तुझ्या लेखाचं नाव वाचलं आणि मटकन खुर्चीत बसले. 'घरच्याला दार बंद'. हे वाक्य कुणाचं, आठवतं? तुझी परीक्षा होती आणि तुला काही केल्या उमगत नव्हतं की जो प्राणी एकाच अंगात नरही आहे आणि मादीही, तो स्वतःचं स्वतःच का भागवून घेत नाही. मी ओट्याशी बटाटे सोलत होते. सोलता सोलता तुला सांगितलं, की पिचकारी बिचारी दोराला नाहीतर खडकाला चिकटलेली. तिला जोडीदार शोधायला जाता येत नाही. उजाडताना ती अंडीही सोडते आणि शुक्राणूही सोडते, दोन्ही एकाच पाण्यात. मग सगळ्यांत आधी अंड्यापाशी कोण पोचणार? तिचेच शुक्राणू. पण अंड्याभोवती जे पातळ आवरण असतं, ते त्यांना ओळखतं आणि म्हणतं, घरचाच दिसतोस, चालता हो. मग लांबून दुसऱ्या कुणाचे वाहत वाहत येतात, त्यांना आत घेतं. कारण घरच्या घरी झालेली पिल्लं दुबळी निघतात. ज्यांनी घरच्यांना आत घेतलं त्यांचे वंश हळूहळू बसले, आणि ज्यांनी दार लावलं तेच टिकले. म्हणून आज समुद्रात दार लावणाऱ्यांचंच राज्य आहे. घरच्याला दार बंद, परक्याला पायघड्या! असं मी म्हटलं आणि तू इतकी हसलीस की आई बघायला आली.

आता ते वाक्य ठळक अक्षरांत छापून आलंय आणि खाली नाव तुझं. असू दे. लहानपणी माझे फ्रॉक तुला यायचे, आता वाक्यं येतात.

तुझ्या मागण्यांकडे वळते. तू लिहितेस, तुझ्या टाक्यांमधल्या पिचकाऱ्या पिढ्यानपिढ्या त्याच चार आईबापांपासून वाढवल्या, त्यामुळे आता सगळ्या एकमेकींच्या भाऊबंद झाल्यात आणि कुणाचं अंडं कुणाला दाद देत नाही. म्हणून तुला माझ्या संशोधन केंद्राच्या धक्क्याखालच्या हव्यात. त्या नाही मिळाल्या तर पुढच्या वर्षी तुझं काम बंद पडेल. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, जणू एकाच पार्सलातून पाठवायची असावी तशी, आईही हवी. वर्षभर तुझ्याकडे.

पिचकाऱ्या यंदा धक्क्याखाली फारशा नाहीत. आईला विचारलं. ती नाही म्हणाली. गुडघे दुखतात तिचे, तुझे तीन मजले तिला झेपायचे नाहीत.

आशीर्वाद या खेपेला राहू देत.

ताई


४ मार्च

धाकटे,

तुझ्या इमारतीला लिफ्ट आहे हे कळलं. अभिनंदन.

तू त्या माशांचं उदाहरण दिलंस ते मला ठाऊक आहे. मीच तुला शिकवलं होतं, पण आता तेही तुझंच. त्या माशांमध्येही प्रत्येक जण नर आणि मादी दोन्ही असतो, जोडीजोडीने राहतात आणि आळीपाळीने अंडी घालतात. थोडी अंडी याने घालायची, त्याने फळवायची. मग त्याने घालायची, याने फळवायची. सगळी अंडी कुणी एकदम देऊन टाकत नाही, कारण दुसरा घेऊन पसार झाला तर? जो आपली वेळ आली की टाळाटाळ करतो, त्याला जोडीदार सोडून जातो. 'ताई, आपणही आईचं असंच करू, वर्ष तुझं वर्ष माझं,' असं तू लिहितेस. वा. आई म्हणजे अंडी नव्हेत. आणि गेली इतकी वर्षं तिचं डोळ्यांचं ऑपरेशन, दात, रक्तदाब, कमोडच्या बाजूला बसवायचा दांडा, हे सगळं माझ्या वाट्याला आलं, तेव्हा तुला मासे आठवले नाहीत.

रागावू नकोस. किंवा रागाव.

तुझं मासिक आईने रेडिओला टेकवून उभं केलंय. दूधवाल्याला दाखवून झालं, शेजारणीला झालं, दाताच्या डॉक्टरांकडे तर ती ते पिशवीतून घेऊन गेली. डॉक्टरांनी तिच्या तोंडात आरसा घातलेला, आणि ही हाताने खूण करून मला सांगते, दाखव की. मी दाखवलं. ते म्हणाले, 'अरे वा, तुमची मुलगी?' आई आरसा बाहेर निघताच म्हणाली, 'धाकटी. आमची छकुली. लांब असते.' मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आई म्हणाली, 'ही पण त्यातलंच काहीतरी करते.'

त्यातलंच काहीतरी! तुला हे शिकवलं कुणी, पहिली पिचकारी हातात दिली कुणी? पण पिकतं तिथे विकत नाही. चाळिशी ओलांडलेली तू छकुली, आणि मला हाक मारताना नुसतं 'अगं'. आपली आई म्हणजे पिचकारीचं अंडंच आहे बघ. सगळं जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हिचं उलटं. जे अंगाला चिकटून आहे ते कार्टं, आणि लांबून वाहत येईल तो बाब्या.

पण एक सांगते, आणि मुद्दाम सांगते. गेल्या महिन्यापासून आई दुपारी डबा घेऊन माझ्या केंद्रावर येते. दार ढकलून आत येते, पंपवाल्या काकांना 'जेवलात का' विचारते आणि माझ्या खोलीत नळाशी उभी राहते. रिकामं बसणं तिच्या रक्तात नाही. समुद्राच्या पाण्याने माझ्या वाडग्यांवर पांढरट थर बसतो, कितीही गरम पाण्याने धुवा, जात नाही. आता ते वाडगे आई घासते. साबणाला हात लावायचा नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी बजावलं, आणि ती लावत नाही. वाडगे आरशासारखे लखलखतात. मोठे साहेब परवा येऊन म्हणाले, 'तुमच्या खोलीत शिरलं की डोळे दिपतात.' म्हणजे बघ, तुझ्याकडे मासिक आहे, माझ्याकडे आई आहे.

पिचकाऱ्यांचं म्हणशील तर काल धक्क्याखाली उतरले होते. थोड्या दिसल्या. दोरांना लगडलेल्या होत्या, पण त्या पाठवायला डबे कुठे आहेत?

ताई


१९ मार्च

धाकटे,

आज आशीर्वाद आधीच देऊन टाकते, माझा मूड चांगला आहे.

बस, आणि मग वाच. मी एक साधा प्रयोग लावला होता, तू शेकडो वेळा लावला असशील. एका पिचकारीच्या कातडीतून दोन नळ्या शेजारी शेजारी दिसतात, एकीत अंडी, दुसरीत पांढरे शुक्राणू. दोन्ही बाहेर काढले. थोडी अंडी परक्या पिचकारीच्या शुक्राणूंबरोबर ठेवली, थोडी तिच्या स्वतःच्याच. दुसऱ्या दिवशी पहिल्या वाडग्यात शेपटीवाली पिल्लं पोहताना दिसायला हवीत आणि दुसऱ्यात काहीच नको. एखाददुसरं अंडं फसून घरच्याला आत घेतं, ते आपण धरत नाही. इतकी वर्षं दुसऱ्या वाडग्यात मी मेलेली अंडीच बघत आलेय.

परवा सकाळी दुसऱ्या वाडग्यात बघितलं तर पिल्लांची ही झुंबड! स्वतःचीच अंडी, स्वतःचेच शुक्राणू, आणि वाडगा गजबजलेला. मला वाटलं झोपेत वाडग्यांची अदलाबदल केली. म्हणून दुसऱ्या पिचकारीवर केलं. तेच. तिसरीवर तेच.

कळतंय का तुला? जी घरच्याला दार उघडते अशी पिचकारी माझ्या धक्क्याखाली आहे! तू जगभर सांगत सुटलीस की दार बंद असतं, आणि माझ्याकडे ते सताड उघडं आहे. तुझा लेख छापून येऊन पुरते चार महिनेही झाले नाहीत, आणि बिचारा जुना झाला.

मोठ्या साहेबांना सांगितलं. ते आधी म्हणाले, 'बाई, पुन्हा बघा.' मी पुन्हा दाखवलं. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून खोलीत फेरी मारली, आणि पुढच्या महिन्याच्या वार्षिक बैठकीत माझं भाषण ठेवलं, सगळ्यांच्या आधी. त्या बैठकीला तुमच्याकडचेही लोक येतील. तू येऊ शकली असतीस, पण तुला कामाच्या अडचणी आहेत, मला माहीत आहे. तुझ्या पिचकाऱ्या दाद देत नाहीत ना.

आता तुला पिचकाऱ्या पाठवायचा प्रश्नच येत नाही. या दुर्मीळ आहेत.

आईला सांगितलं, तर ती म्हणाली, 'छकुलीला कळवलंस का?' बघितलंस? माझं बारसं असलं तरी पेढा तुझ्या तोंडात. म्हणून कळवलं.

ताई


२७ मार्च

धाकटे,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. अभिनंदनाचा एक शब्द नाही. 'ताई, वाडगे कशाने धुतले होतेस ते कळव.' एवढंच.

मी इथे तुझ्या आधीपासून आहे. वाडग्याला साबण लावायचा नसतो हे तुला मी शिकवलंय, तू मला नाही. साबण लावलेला नाही. पोट दुखत असेल तर ओवा खा.

भाषणाची तयारी जोरात चालू आहे. आईने माझा निळा झगा उसवून घेर वाढवून दिला.

ताई


८ एप्रिल

धाकटे,

आज जे लिहायचं आहे ते मला लिहायचं नाही, म्हणून ते आधी लिहिते.

तू काल केंद्रावर फोन केलास तेव्हा मी धक्क्याखाली पाण्यात होते. फोन व्हरांड्यात वाजत राहिला. पंपवाले काका पंपाच्या आवाजात बहिरे झालेले. आई डबा घेऊन नुकतीच आली होती, तिने उचलला.

मी शिडीवरून वर आले, अंगातून पाणी गळतंय, हातात एकमेकींना चिकटलेल्या पिचकाऱ्या आणि त्या माझ्याच तोंडावर पाणी उडवताहेत. समोर आई उभी. फोन ठेवलेला. तिचा चेहरा बघून वाटलं, कुणाचं काही बरंवाईट झालं की काय.

'छकुलीचा फोन होता,' ती म्हणाली. 'मला विचारत होती, वाडगे कशाने घासतेस.'

'मग?'

'मग काय. म्हटलं व्हिनेगरने. किटलीतला थर जातो तसा हाही जातो.'

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. धाकटे, मला एकदम सगळं समजलं, आणि तू फोनच्या पलीकडे कशी डोळे मिटून 'अरे देवा' म्हणाली असशील तेही समजलं. आंबट पाणी! आंबट पाण्यात अंडी जराशी राहिली की त्यांची घरच्यांना ओळखण्याची शक्ती जाते, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी ते तुला बटाटे सोलताना शिकवलं असेन. कोरड्या वाडग्याला व्हिनेगर चिकटलेलं, मी त्यात अंडी आधी थोड्याशाच पाण्यात ठेवायचे, मग वरून टाकीचं पाणी ओतायचे. माझ्या धक्क्याखाली कसलीही दुर्मीळ पिचकारी नाही. दुर्मीळ आहे ती आपली आई. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

'मी सांगितलं होतं ना तुला, काही लावायचं नाही!' मी ओरडले.

'साबण नको म्हणालीस,' आई म्हणाली. 'व्हिनेगर नको असं कधी म्हणालीस?'

पंपवाले काका दारात येऊन उभे होते, त्यांना ऐकू येत नाही पण भांडण दिसतं. ते म्हणाले, 'आजी, जेवलात का?' आणि निघून गेले.

मला वाटलं प्रकरण संपलं. आईने डब्याची झाकणं उघडली, मांडली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'फेब्रुवारीपासून बोलावतेय म्हणे ती मला. तू तिला लिहिलंस, आई नाही म्हणाली. मला कधी विचारलंस?'

मी तिला विचारलं नव्हतं. तुला हे आता माहीतच आहे. तुझं पत्र आलं त्या दिवशी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती आणि मी पत्र ड्रॉवरमध्ये टाकून तिला म्हटलं, छकुली मजेत आहे. तिचे गुडघे दुखतात, ते खरं. पण विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, आणि ते मला ऐकायचं नव्हतं. ती चटकन हो म्हणाली असती गं. एक क्षणही थांबली नसती. मला तेवढंच सहन झालं नसतं.

हे मी आईला सांगितलं नाही. म्हटलं, विसरले. ती म्हणाली, 'तू विसरायची नाहीस. तुला दहावीतले मार्क तोंडपाठ आहेत.' आणि मग आम्ही दोघी जेवलो. तिने माझ्या ताटात नेहमीप्रमाणे जास्त वाढलं.

दुपारी मी दोन वाडगे घेतले. एक तिच्याकडून व्हिनेगरने घासून घेतला, एक नुसत्या गरम पाण्याने मी धुतला. तीच पिचकारी, तिचीच अंडी, तिचेच शुक्राणू. आज सकाळी बघितलं. तिच्या वाडग्यात पिल्लं, माझ्या वाडग्यात मेलेली अंडी. मोठ्या साहेबांना जाऊन सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, 'बैठकीच्या आधी कळलं, बरं झालं. कसं लक्षात आलं तुमच्या?'

मी म्हटलं, 'धाकट्या बहिणीच्या लक्षात आलं.'

'कोण, त्या मासिकवाल्या?'

हो. त्या मासिकवाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुला कसं कळलं, हे आईनेच सांगितलं. ती तुझ्या जुन्या घरी आठवडाभर राहिली होती त्या उन्हाळ्यात तिने तुझेही वाडगे चमकवले होते, आणि तूही वेडी झाली होतीस. मला कधी सांगितलं नाहीस. मी हसेन म्हणून. हसले असते, तुझा अंदाज बरोबर आहे.

पण मला खुपतंय ते वेगळंच. तू गप्प बसू शकली असतीस. मी तुला पिचकाऱ्या दिल्या नाहीत, आई दिली नाही, ओवा खा म्हणाले. तुमच्याकडचे लोक बैठकीला बसलेले, मी निळ्या झग्यात व्यासपीठावर, आणि मागून कुणीतरी उठून विचारलं असतं, बाई, वाडगे कशाने धुता? तुझं काही बिघडलं नसतं. उलट तुझा लेख पुन्हा नवा झाला असता. मी तुझ्या जागी असते तर फोन केला असता का, हा विचार कालपासून करतेय. केला असता. पण बैठक झाल्यावर.

आणि यासाठीही मला तुझा हेवा वाटतो. आता मनाच्या मोठेपणातही तूच पुढे. माझ्यासाठी काही शिल्लक ठेवशील की नाही?

ताई


१६ एप्रिल

धाकटे,

आई येते आहे. तिला विचारलं. खरं विचारलं, समोर बसवून. माझा अंदाज चुकला नाही, ती एक क्षणही थांबली नाही. 'कधीची गाडी?' एवढंच म्हणाली, आणि उठून माळ्यावरची पेटी काढायला स्टुलावर चढू लागली. गुडघे कुठे गेले कोण जाणे.

मी त्या दिवशी कामाला गेले नाही. स्वयंपाकघरात बसून राहिले. मला रडू आलं, हे तुला सांगायला हरकत नाही, इतकं सांगितलं त्यात हेही. आईने बघितलं. ती म्हणाली, 'अगं, परत येणार आहे मी.' मी म्हटलं, 'तुझ्याशिवाय माझं अडणार नाहीये.' ती म्हणाली, 'ते मला माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं निवांत राहिले तुझ्याजवळ.' हे कौतुक होतं की तक्रार, मला अजून कळलं नाही.

तिच्याबरोबर पिचकाऱ्या पाठवते आहे. डबे होतेच, फेब्रुवारीतही होते. एकाच दोरावरच्या घेतल्या नाहीत. काही धक्क्याखालच्या, काही पलीकडच्या बोटींच्या बुडाला लागलेल्या, काही खाडीच्या तोंडाशी असलेल्या बुरुजावरच्या. पंपवाल्या काकांनी होडी वल्हवली आणि मला दोनदा बुडवता बुडवता वाचवलं. एकीचा दुसरीशी काही संबंध नाही, सगळ्या एकमेकींना परक्या. तुझ्या अंड्यांना त्यांच्यापैकी कुणी ना कुणी नक्की पसंत पडेल. आई म्हणते डबा मांडीवर घेऊन बसेन. मी सांगितलंय, उन्हात धरू नकोस, झाकण उघडून शेजारच्या प्रवाशांना दाखवू नकोस. दाखवणारच आहे, तू काळजी करू नकोस, बर्फ जास्त घातलाय.

औषधांच्या वेळा तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात आहेत. गोळी घेतली का विचारलं की घेतली म्हणते, पाकीट बघायचं. रात्री उशीवर उशी लागते. डावा कान कमी ऐकतो, पण तिच्या विरुद्ध बोललं की दोन्ही उत्तम ऐकतात.

तिच्या हातात वाडगे देऊ नकोस. आणि ती रिकामी उभी राहिली तर तिला बरं वाटत नाही, तेव्हा दे.

ताई


२३ मे

धाकटे,

घर फार नीटनेटकं झालंय. काही हलत नाही. रेडिओला टेकवलेलं तुझं मासिक ती सोबत घेऊन गेली असेल असं वाटलं होतं, पण ते इथेच आहे. मी एकदा उचलून ठेवलं, मग परत तिथेच उभं केलं. रेडिओ ओकाबोका दिसत होता.

बैठक झाली. मोठ्या साहेबांनी मला तरीही बोलायला लावलं, सगळ्यांत शेवटी, चहाच्या आधी. मी पिल्लांची गोष्ट जशी घडली तशी सांगितली, व्हिनेगरसकट. लोक इतके हसले की तुमच्याकडच्या एका टकल्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर ते म्हणाले, 'तुमच्या भगिनी तुमच्याबद्दल नेहमी बोलतात.' मी विचारलं, काय बोलतात? ते म्हणाले, 'ताईला विचारायला हवं, असं म्हणतात. अडलं की.' हे तू मला कधी पत्रात लिहिलं नाहीस. माझी वाक्यं छापतेस, आणि तुझं हे एक मात्र लपवून ठेवलंस.

आता तुझ्या कालच्या पत्राबद्दल. तू लिहितेस, पिचकाऱ्या पोचल्या, रुळल्या, आणि खाडीच्या बुरुजावरच्या एकीने तुझ्या अख्ख्या टाकीला वाचवलं. पहिली पिल्लं तुझ्या वाडग्यात पोहताहेत. आनंद आहे. आशीर्वाद.

पण खाली जे लिहिलंस ते मी उभ्याने वाचलं आणि मग बसून पुन्हा वाचलं. 'ताई, मला वैताग आलाय. आई उठता बसता तुझंच नाव घेते. मी चहा केला की म्हणते, आमची थोरली आलं असं घालत नाही. मी दार लावलं की म्हणते, ती दोनदा कडी बघते. लिफ्टमध्ये लोकांना सांगते, माझी मोठी मुलगी समुद्राच्या तळाशी उतरते. तळाशी! माझ्याकडचे लोक आले तर त्यांना म्हणाली, ही पण त्यातलंच काहीतरी करते. आणि मला नुसतं अगं म्हणते. तुझं नाव काय, माहीत आहे? बबडी. आमची बबडी.'

बबडी! मी दुसरीत असेन तेव्हा तिने ते सोडलं होतं. तू जन्मलीस तेव्हा. मला वाटलं होतं, ती विसरली.

म्हणजे दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही, आणि आपल्या आईला लागतो तो डोंगर. कुठलाही तिला चालतो. इतकी वर्षं मी पायथ्याशी बसून तुझ्या नावाने बोटं मोडत होते, आणि डोंगर व्हायला फक्त गाडीचं एक तिकीट काढायचं होतं, तेही तिचं.

तू लिहितेस, तिला लवकर परत ने. नाही नेणार. वर्ष ठरलंय, तुझ्याच माशांच्या हिशोबाने. वर्षभर ठेवून घे, गोळ्या दे, तिचं ऐक. मला तिची आठवण येते, हे तिला सांगू नकोस. लिफ्टमधल्या लोकांना मात्र बबडी समुद्राच्या तळाशी उतरते हे सांगू दे. धक्क्याखाली जेमतेम पुरुषभर पाणी आहे, हे तू मधेच तोंड घालून सांगशील, तर याद राख.

इतकी वर्षं मी जळले. आता नंबर तुझा.

तुझी,
बबडी